भायखळ्याचे ख्राइस्ट चर्च : आधी पाठशाळा, मग प्रार्थनामंदिर

भायखळ्याच्या मोतीशा शेठ यांच्या आदीश्वर मंदिरात कार्तिकी आणि चैत्री पौर्णिमेस भाविकांची रीघ लागते. तेथून लोहमार्ग ओलांडून पश्चिमेस गेले की पूर्वीचा क्लेअर रोड, म्हणजे आजचा मिर्झा गालिब मार्ग लागतो. या गजबजलेल्या रस्त्यालगत उंच खांबांच्या दर्शनी मंडपाचे एक जुने चर्च उभे आहे. ते ख्राइस्ट चर्च होय. मुंबईचे टाउन हॉल बांधण्यासाठी आणलेल्या खांबांपैकी काही या चर्चला देण्यात आले, असे परंपरेने सांगितले जाते.

आज भायखळा शहराच्या मध्यभागी आले आहे. दोनशे वर्षांपूर्वी मात्र ते मुंबईचे उपनगर होते. हॉर्नबी वेलार्डने समुद्राचे पाणी अडविल्यानंतर येथील सखल जमीन वसाहतीयोग्य झाली आणि कोटातील दाटीला कंटाळलेले इंग्रज अधिकारी व व्यापारी येथे बंगले बांधून राहू लागले. अशा वस्तीत चर्च उभे राहणे स्वाभाविकच होते. तथापि भायखळ्यात आधी आली ती शाळा.

तिचे मूळ कोटात आहे. १७१८ साली पाद्री रिचर्ड कॉब यांनी बारा गरीब मुलांसाठी एक लहानशी मोफत शाळा काढली. मुलांचे अन्न, वस्त्र, निवास आणि शिक्षण अशी सारी जबाबदारी या शाळेने उचलली. पुढे १८१५ साली आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी शिक्षणावाचून राहिलेल्या शेकडो मुलांकडे समाजाचे लक्ष वेधले. त्यांच्या पुढाकाराने बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि कॉब यांची शाळा तिच्याकडे आली. कोटातील जागा अपुरी पडू लागल्यावर १८२५ साली भायखळ्यास मोठी वास्तू बांधण्यात आली. तिच्या शेजारी ख्राइस्ट चर्च उभे राहिले ते १८३० च्या दशकात. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या सेवेचे वर्तुळ आरंभी लहानच होते. सोसायटीचा मुख्य रोख युरोपीय वंशाच्या निराधार व निर्धन मुलांवर होता आणि शिक्षण अँग्लिकन पंथाच्या रीतीने दिले जाई. मग एतद्देशीय मुलांचे काय, हा प्रश्न लवकरच पुढे आला. शिक्षण द्यायचे तर ते धर्माच्या अटीवाचून देता येईल काय? या प्रश्नातूनच १८२० साली सोसायटीने देशी भाषांतील पुस्तके व शाळा यांसाठी निराळी समिती नेमली. दोनच वर्षांत त्या समितीची स्वतंत्र संस्था झाली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला आश्रय होता. सदाशिव काशीनाथ छत्रे व बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारखे विद्वान तिच्या कामाशी जोडले गेले. छत्र्यांचे ‘बाळमित्र’ आणि मराठी इसापनीती ही पुस्तके याच उपक्रमातून मुलांच्या हाती आली. एका पंथाच्या दानधर्मातून फुटलेली ही शाखा मराठी शालेय वाङ्मयाच्या पायाभरणीस अशी साहाय्यभूत ठरली.

काळ पालटला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग भायखळ्यावरून गेला. त्यानंतर परिसरात गिरण्यांची धुराडी उभी राहिली, चाळी वाढल्या, आणि बंगल्यांतील साहेब मंडळी मलबार हिलकडे वळली. ज्यांच्यासाठी चर्च बांधले, तेच दूर गेले. वसतिगृहातील मुलांना निरोगी हवा मिळावी म्हणून नाशिकनजीक देवळालीस विस्तीर्ण जागा घेण्यात आली. १९२५ साली तेथे बार्न्स स्कूल सुरू झाले आणि निवासी विद्यार्थी तिकडे गेले. भायखळ्याच्या वास्तूत उरली ती दिवसाची शाळा, तिलाच ख्राइस्ट चर्च स्कूल हे नाव मिळाले.

उपासक पांगले की प्रार्थनास्थळ एकाकी पडते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. ख्राइस्ट चर्चच्या वाट्याला ते एकाकीपण आले नाही. १९७० साली विविध प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि आज हे चर्च त्याच परिवारात आहे. भोवती मशिदी आहेत, थोड्या अंतरावर डेव्हिड ससून यांनी बांधलेले यहुद्यांचे सिनेगॉग आहे, आणि या बहुरंगी वस्तीतील निरनिराळ्या धर्मांची मुले चर्चच्या शाळेत एकाच बाकावर बसून शिकतात.

बारा मुलांच्या भोजनापासून आणि अक्षरओळखीपासून आरंभलेले हे काम तीन शतके टिकले. ज्यांच्यासाठी ते सुरू झाले, त्यांच्यापुरतेच ते राहिले असते तर त्यांच्याबरोबरच संपले असते. वर्तुळ वाढत गेले म्हणूनच ते उरले. मंदिर असो वा चर्च, शेजाऱ्याच्या लेकराला आपले मानणारी वास्तू वस्ती बदलली तरी परकी होत नाही.