पालेभाजीचा त्याग आणि पहिले अठ्ठावीस दिवस

वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्याचे कामरगाव हे तूर, हरभरा आणि सोयाबीनच्या पट्ट्यातले गाव. इकडच्या व्यापारी घरांतील पुष्कळ लग्ने वैशाख-ज्येष्ठात उरकतात. नवी सून घरात रुळते न रुळते तोच आषाढात चातुर्मास लागतो. पावसाळ्यात पालेभाजीवर सूक्ष्म जीव वाढतात, म्हणून मेथी, पालक, चाकवत, अंबाडी ताटातून जातात. सासूबाईंनी नियम घेतला की सूनही घेते. तिला कोणी सक्ती करत नाही. नव्या घराशी एकरूप होण्याचा तिचा तो मार्ग असतो. आणि अनेकदा याच महिन्यांत तिला दिवस राहतात.

गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात, ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ व्या दिवशी मिटून पूर्ण होते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना तेव्हा शंकाही आलेली नसते. आशाताईंकडे नाव नोंदवले जाते ते तर त्याहून उशिरा. ही नळी खालच्या बाजूला उघडी राहिली तर बाळाला स्पायना बिफिडा होतो, म्हणजे कण्यात फट राहते. पायांत बळ राहत नाही, लघवी-शौचावर ताबा राहत नाही. वरच्या बाजूला उघडी राहिली तर कवटी व मेंदू घडतच नाहीत आणि असे बाळ वाचत नाही. मग घरात पूर्वकर्माची चर्चा होते, ग्रहणात काय चिरले याची चौकशी होते आणि सारा रोख सुनेवर येतो. फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वाचे नाव त्या चर्चेत क्वचितच निघते.

या जीवनसत्त्वाच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती स्त्रियांना जडणाऱ्या रक्तक्षयाचे कारण त्यांना शोधायचे होते. तोवर अशा रक्तक्षयावर प्राण्यांच्या यकृताचा अर्क देत असत. विल्स यांना आढळले की मार्माइट नावाच्या स्वस्त यीस्ट-अर्कानेही या स्त्रिया बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या संशोधनात उंदीर आणि माकडांवरही प्रयोग झाले होते. अहिंसा मानणाऱ्या घराला ही गोष्ट रुचणारी नाही, तरी ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. अर्कातले ते द्रव्य कोणते, हे कळायला आणखी दहा वर्षे लागली. १९४१ मध्ये अमेरिकेत ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पान या अर्थाच्या ‘फोलियम’ या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले. पुढे आंध्रचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली ते प्रयोगशाळेत तयार झाले. आजच्या गोळीतले फॉलिक अ‍ॅसिड असे रसायनातून बनते. ते कोणत्याही प्राण्यापासून काढलेले नसते.

बाळाच्या व्यंगाशी असलेला त्याचा संबंध १९९१ मध्ये पक्का ठरला. आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांवर सात देशांत झालेल्या चाचणीत या गोळीने पुन्हा तसे होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. सगळीच व्यंगे टळत नाहीत, हेही त्याच आकड्यात आले.

डाळी चातुर्मासातही ताटात असतात आणि त्यांत हे जीवनसत्त्व असते, हे खरे. पण ते पाण्यात विरघळते, शिजवताना बरेचसे नाहीसे होते आणि अन्नातून शरीराला गोळीपेक्षा कमी लागू पडते. त्यामुळे व्रत मोडून पालक खा, असे सुनेला सांगण्याची गरजच नाही. रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी, दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत, एवढे पुरते. दुकानात सहज मिळणारी गोळी बहुधा ५ मिलिग्रॅमची, म्हणजे बारापटीहून मोठी असते. ती आधी असे बाळ झालेल्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या स्त्रीसाठी. शाकाहारी घरात बी-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते आणि नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने ती झाकली जाऊ शकते, म्हणून तीही तपासून घेतलेली बरी.

लग्न ठरताच सोने, साड्या, हॉल, आचारी यांच्या याद्या होतात. वधूच्या आईने त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेले तर वेळ हाताशी असतो. चौविहार पाळणारीने गोळी सूर्यास्तापूर्वी घ्यावी. उपवासाच्या दिवशी ती चालते का, हे महाराजसाहेबांना आधीच विचारून ठेवावे. आणि बाळाची इच्छा असलेल्या वर्षी अठाईसारखी मोठी तपश्चर्या पुढे ढकलण्याविषयीही त्याच वेळी विचारावे. हा प्रश्न सुनेने एकटीने विचारण्यापेक्षा सासूबाईंनी तिच्याबरोबर जाऊन विचारला, तर तिला संकोच वाटणार नाही.