उतार

अकरावीच्या फिजिक्सच्या गृहपाठात एक ठोकळा असे आणि तो कायम उतारावर ठेवलेला असे. त्याचं वजन दोन भागांत तोडायचं, एक उताराच्या दिशेनं आणि दुसरा उताराला लंब. साइन कुठल्या भागाला आणि कॉस कुठल्या, यावर वर्गात सगळे अडत. आमचे सर सूत्र पाठ करू देत नसत. "उतार झोपवून बघा," म्हणत. कोन शून्य केला की जमीन सपाट, सपाटीवर ठोकळा घसरत नाही, शून्याचा साइन शून्य. म्हणजे घसरवणारा भाग साइनचा. मग लॉगटेबल उघडायचं. बोर्डाच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे बारीक आकड्यांच्या ओळींवर पट्टी सरकवायची सवय लागली. मला ते काम मनापासून आवडे.

पुढे मुंबई-पुणे प्रवास पाठी लागला. कर्जतला पुण्याच्या गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात. 1863 साली खुला झालेला भोर घाटाचा हा रेल्वेमार्ग सर्वांत अवघड जागी 37 मीटरला 1 मीटर चढतो. कोन जेमतेम दीड अंश, कागदावर काढला तर सपाटच वाटेल. पण त्याचा साइन 0.027, म्हणजे हजार टनांच्या गाडीला 27 टन सतत मागे खेचतात.

आईला व्हीलचेअर लागली तेव्हा मात्र उतार दारात आला. इमारतीला 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या, एकूण उंची 45. रॅम्पचा मान्य चढ बारास एक, म्हणजे लांबी 5.4 मीटर हवी. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, तीन मीटरमध्ये बसवतो." सोसायटीच्या बैठकीत मी फळ्यावर त्रिकोण काढला. खुर्चीसकट आई 90 किलो. बारास एकच्या चढावर ढकलायला साडेसात किलोचा जोर लागतो, तीन मीटरच्या रॅम्पवर सव्वातेरा किलोंहून जास्त. उतरताना तेवढाच जोर धरून ठेवायचा, आणि धरणाऱ्या मावशी स्वतः साठीच्या. अशा कामात जागा वाचवणं मला निर्दयपणाचं वाटतं, तेही मी बोललो.

रॅम्प पूर्ण लांबीचा झाला. स्कूटरींची जागा गेली, थोडी कुरकुरही झाली. आता मावशी आईशी गप्पा मारत खुर्ची वर नेतात. सिलिंडर आणणारा मुलगाही पायऱ्यांकडे वळत नाही.