तुटीचा मान

फ्रान्सच्या जुरा भागात, डोंगरकड्यावरील शातो-शालों या गावी, साव्हान्यँ द्राक्षांची ‘पिवळी वाइन’ ओकच्या पिंपात सहा वर्षांहून अधिक काळ मुरत राहते. पिंपातून ती हळूहळू उडून जाते. फ्रेंच माणूस त्याला देवदूतांचा वाटा म्हणतो. ही तूट येथे कोणी भरून काढीत नाही. वर धरलेला यीस्टचा पातळ पापुद्रा तिचे व्हिनेगर होऊ देत नाही, उलट तिला अक्रोडाचा गंध देतो. लिटरमागे उरते ती सुमारे ६२ सेंटिलिटर. बाटलीही तेवढ्याच मापाची. सोबतीला कोंते चीज, किंवा मोरेल अळंब्यांसह शिजवलेला कोंबडा. २००१ साली द्राक्षे कसाला उतरली नाहीत, तेव्हा उत्पादकांनी त्या वर्षीच्या वाइनला गावाचे नावच दिले नाही. घटलेले माप त्यांना मान्य असते. घटलेली प्रत नव्हे.