मंडईचा चौक

हॉलंडहून आलेला माझा भाचा तिकडच्या जुन्या चौकांचे भारी कौतुक सांगत होता. म्हटले, "चल, आता आपला पाहा!" आणि हातात पिशवी देऊन त्याला मंडईत नेले.

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने त्यासाठी इमारत बांधायचे काढले, तेव्हा तिचे एक सभासद जोतीराव फुले यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. ते काही चालले नाही. १८८६ साली अष्टकोनी मनोऱ्याची ही मंडई उघडली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले.

आज 'रे मार्केट' म्हणून विचाराल, तर रिक्षावालाही बुचकळ्यात पडेल. कारण पुढे पुण्याने मंडईला नाव दिले ते विरोध करणाऱ्याचेच! राजेमहाराजांचे चौक जगात पुष्कळ असतील. हरलेल्या मताचा असा मान क्वचितच कुठे झाला असेल.

भाचा मनोरा न्याहाळत होता. मी मेथीची जुडी उचलली. मावशींची नात गाळ्यामागे वही घेऊन बसली होती. ती सुटे पैसे द्यायला उठली, तशा मावशी कडाडल्या, "बस खाली! आधी गणितं, मग गिऱ्हाईक!"