गुलाबांचा आणि अक्षरांचा देश

पुढील शब्द मोठ्याने वाचून पाहा : द्युक्यान, चोर्बा, क्युफ्ते, हल्वा, मेगदान, जोब. पहिल्या पाच शब्दांचे अर्थ तुम्ही लगेच सांगाल. दुकान, शोरबा, कोफ्ता, हलवा आणि मैदान. सहावा शब्द थोडा अवघड आहे. पण तुमच्या उर्दूतील 'जेब' आठवली की तोही सुटतो. हे शब्द मात्र उर्दू नाहीत आणि मराठीही नाहीत. ते बल्गेरियन भाषेतील आहेत.

बल्गेरिया हा युरोपच्या आग्नेय कोपऱ्यातील एक लहान देश. नकाशा उघडा आणि काळा समुद्र शोधा. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर तो तुम्हांला सापडेल. उत्तरेला डॅन्यूब नदी आणि तिच्या पलीकडे रुमानिया, दक्षिणेला ग्रीस व तुर्कस्तान, पश्चिमेला सर्बिया आणि उत्तर मॅसिडोनिया. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ११ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहून थोडे अधिक. २०२१ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे ६५ लाख भरली.

बल्गेरियन ही रशियन भाषेची बहीण. मग तिच्यात आपले शब्द कसे आले? १३९६ पासून १८७८ पर्यंत या देशावर उस्मानी तुर्कांचे राज्य होते. फारसी आणि अरबी शब्द तुर्की भाषेत आले आणि तुर्कीतून बल्गेरियाच्या बाजारात व स्वयंपाकघरात शिरले. तसेच शब्द दक्षिणेतील सुलतानांच्या काळात आपल्या मराठीतही आले. आपण मराठीत 'खिसा' म्हणतो, तो फारसी 'कीसा' आहे. बल्गेरियन माणूस पिशवीला 'केसिया' म्हणतो, तोही त्याचाच भाऊ. एकमेकांना कधी न पाहिलेली ही भावंडे हजारो मैलांवर आपापल्या घरी सुखाने नांदत आहेत.

या सर्व शब्दांत मला सर्वांत आवडतो तो 'चेश्मा'. मराठीत चष्मा नाकावर बसतो. उर्दूत चश्मा नाकावरही बसतो आणि डोंगरातून झऱ्यासारखा वाहतोही. बल्गेरियात चेश्मा म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेला पाण्याचा नळ. डोंगरातील झऱ्याचे पाणी दगडी भिंतीतून काढलेल्या नळाने वाहत असते आणि येणारा-जाणारा ते ओंजळीने पितो. राजधानी सोफियाच्या मध्यभागी असे नळ आहेत. त्यांचे पाणी जमिनीतूनच गरम येते. शहरातील लोक बाटल्या घेऊन तेथे पाणी भरायला येतात. जवळच सोळाव्या शतकातील बान्या बाशी मशीद आहे. तेथून थोडे चालले की यहुद्यांचे प्रार्थनामंदिर लागते, आणि ऑर्थोडॉक्स व कॅथलिक पंथांची मोठी चर्चेही त्याच परिसरात आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बल्गेरियात मान आडवी हलवली की 'हो' आणि वर-खाली हलवली की 'नाही' असा अर्थ होतो. आपल्याकडची मान डोलावण्याची तऱ्हा पाहुण्यांना कोड्यात टाकते; तेथे आपणच कोड्यात पडतो.

आता अक्षरांकडे वळू. रशिया, सर्बिया, युक्रेन अशा अनेक देशांत जी लिपी वापरली जाते तिला सिरिलिक लिपी म्हणतात. पुष्कळांना ती रशियाची लिपी वाटते. वस्तुतः ती घडली बल्गेरियात. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांनी स्लाव्ह लोकांच्या भाषेसाठी एक लिपी तयार केली होती. पुढे त्यांच्या शिष्यांना आश्रयाची गरज पडली, तेव्हा बल्गेरियाचा राजा बोरिस याने त्यांना आपल्या राज्यात जागा दिली. तेथे प्रेस्लाव्ह या नगरात विद्वानांनी लिहायला अधिक सोपी अशी नवी लिपी घडवली. सिरिलच्या स्मरणार्थ तिला त्याचे नाव मिळाले. दरवर्षी २४ मे रोजी बल्गेरियात या लिपीचा सण असतो. शाळांची मुले फुले घेऊन मिरवणुकीने निघतात आणि त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते. लढाईतील विजयाचे सण अनेक देशांत होतात; बाराखडीच्या नावाने सुट्टी देणारा देश मला अधिक शहाणा वाटतो.

उस्मानी काळात ही भाषा जपली गेली ती मुख्यतः खेड्यांत आणि डोंगरांतील मठांत. १७६२ साली पैसी नावाच्या एका साधूने आपल्या लोकांचा इतिहास लिहून काढला आणि आपल्या भाषेची लाज वाटू देऊ नका, असे त्यांना सांगितले. हे पुस्तक बराच काळ छापलेच गेले नाही. लोक हाताने त्याच्या नकला करीत आणि त्या गावोगाव फिरत.

अशा मठांपैकी सर्वांत मोठा रिला येथे आहे. सोफियाच्या दक्षिणेला सुमारे १२० किलोमीटरवर, घनदाट जंगलात, बाहेरून तो किल्ल्यासारखा दिसतो. आत गेले की पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या कमानी, लाकडी सज्जे आणि रंगीत भित्तिचित्रे दिसतात. हा मठ दहाव्या शतकातला. १८३३ साली तो आगीत जळाला, तेव्हा लोकांनी पैसे जमवून तो पुन्हा उभारला. १९८३ पासून तो जागतिक वारसा आहे.

रिलाच्या पर्वतातच मुसाला हे शिखर आहे. त्याची उंची २,९२५ मीटर असून बाल्कन द्वीपकल्पात त्याहून उंच शिखर नाही. त्याच पर्वतात सात सरोवरे एकाखाली एक अशी पसरली आहेत. वरच्याचे पाणी खालच्यात उतरते. लोकांनी त्यांना त्यांच्या वैशिष्ट्यांवरून नावे दिली आहेत. सर्वांत वरच्याचे नाव 'अश्रू', कारण त्याचे पाणी फार स्वच्छ. त्याखालचे 'डोळा'. दक्षिणेला रोडोपी पर्वत आहे. तेथील मेंढपाळांची गाणी प्रसिद्ध आहेत. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' याने अवकाशात पाठवली, तेव्हा त्यांच्यासोबतच्या तबकडीत वाल्या बाल्कान्स्का या गायिकेने गायिलेले असेच एक गाणे होते.

आणि गुलाब! देशाच्या मधोमध, पर्वतांच्या दोन रांगांमध्ये, कझानलक गावाभोवती गुलाबांचे खोरे आहे. हा गुलाब दमास्कसचा, म्हणजे तुमच्या उर्दूतील दमिश्कचा. उस्मानी काळात तो येथे रुजला. आपल्या कनौजलाही अत्तरासाठी याच जातीचा गुलाब वापरतात. मे-जूनमध्ये जेमतेम महिनाभर फुले येतात. ती पहाटे, दव असतानाच खुडावी लागतात. ऊन चढले की फुलातील तेल उडू लागते. एक किलो तेलासाठी तीन ते पाच हजार किलो फुले लागतात, आणि ती सारी हातांनी खुडलेली असतात! ही फुले पूर्वी तांब्याच्या मोठ्या भांड्यांत उकळत. कनौजचे अत्तरवाले ज्याला देग म्हणतात, त्याला तुर्कीत 'कझान' म्हणतात. त्यावरूनच गावाला कझानलक हे नाव मिळाले.

आपण दही खातो तसे बल्गेरियन लोकही खातात. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने दही लावणारा एक जिवाणू शोधला. त्याच्या शास्त्रीय नावात आजही बल्गेरियाचे नाव आहे.

मात्र याच देशात एक फार दुःखाची गोष्टही घडली. ती वगळून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. १९८४ च्या हिवाळ्यात तेथील साम्यवादी सरकारने ठरवले, की देशातील तुर्क मुसलमानांनी आपली नावे सोडून बल्गेरियन नावे घ्यावीत. काही महिन्यांत सुमारे आठ लाख माणसांची नावे सक्तीने बदलण्यात आली. चारचौघांत तुर्की बोलायला बंदी झाली. कबरींवरील नावेही खोडली गेली. विरोध करणाऱ्यांना तुरुंगात टाकले, काहींचे प्राण गेले. अक्षरांचा सण साजरा करणाऱ्या देशाने हे केले, याचे मला फार वाईट वाटते.

नईम नावाचा एक मुलगा तेव्हा जगातील उत्तम भारोत्तोलक होता. उंची पाच फुटांहून कमी, पण स्वतःच्या वजनाच्या तिप्पट भार तो डोक्यावर उचलत असे. त्याचेही नाव बदलून 'नाउम शालामानोव्ह' असे केले. १९८६ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या स्पर्धेच्या वेळी तो आपल्या संघातून निसटला आणि तुर्कस्तानच्या आश्रयाला गेला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याने १९० किलो वजन उचलून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ते 'नईम सुलेमानोग्लू' या नावावर लागले.

१९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक घरदार सोडून तुर्कस्तानात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बल्गेरियातील राज्यकर्ता पायउतार झाला. १९९० साली नावे परत घेण्याचा कायदा झाला. गेलेल्यांपैकी पुष्कळ लोक परतले आणि त्यांनी आपली जुनी नावे पुन्हा नोंदवली. २०१२ साली बल्गेरियाच्या संसदेने त्या सक्तीचा निषेध करणारा ठराव केला.

आज तुर्क लोक मुख्यतः दक्षिणेला कर्जाली आणि ईशान्येला शुमेन, राझग्राद या भागांत राहतात. शुमेनमध्ये १७४४ साली बांधलेली एक सुंदर मशीद आहे. तिच्या घुमटाचा आकार गोलमटोल, म्हणून लोक तिला 'तोम्बुल' म्हणजे गुबगुबीत मशीद म्हणतात. आणि सिरिलिक लिपी जेथे घडली ते प्रेस्लाव्ह शुमेनपासून अवघ्या वीसेक किलोमीटरवर आहे.