रिकाम्या स्ट्रिपा

२००७ साली सीएमएल, म्हणजे रक्ताचा जुनाट कॅन्सर, निघाला तेव्हा घरात रडारड झाली. डॉक्टर मात्र शांत होते. "इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, रोज एक, भरल्या पोटी, ग्लासभर पाण्याबरोबर. आणि मनाने बंद करायची नाही."

सहा महिन्यांत मी पुन्हा कामावर. डोळ्यांखाली सूज असायची, रात्री पोटरीत गोळे यायचे, बाकी ठणठणीत. "तुमच्याकडे बघून वाटत नाही हो," असं लोक म्हणत. हळूहळू मलाही वाटेना.

दत्ताचा गुरुवार मी वर्षानुवर्षं करतो. संध्याकाळची आरती झाल्याशिवाय अन्न नाही. उपाशीपोटी गोळीने मळमळे, म्हणून गुरुवारी गोळीलाही उपवास! पुढे मुलीच्या लग्नाच्या धावपळीत आणखी काही राहिल्या. तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलचा, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला. ०.०५ टक्क्यांवर असलेला आकडा १.२ वर गेला होता.

"गोळी नियमित?"

"हो."

"पुढच्या वेळी रिकाम्या स्ट्रिपा घेऊन या."

घरी बायकोने कपाट उपसलं. एक अख्खी स्ट्रिप, दुसरीत नऊ गोळ्या. एकोणीस. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

पुढच्या खेपेला मी खरं सांगितलं. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे नऊ आणि बावीस नंबरच्या क्रोमोसोमांचे अदलाबदल झालेले तुकडे काढून दाखवले. त्यातून तयार होणारं प्रथिन म्हणजे चालूच राहिलेलं बटण. गोळी ते दाबून धरते, एवढंच. बोट काढलं की पेशी पुन्हा वाढायला मोकळ्या. उपवासाचं ऐकून ते हसले. "अहो, उपवास सोडताना घ्या की गोळी!" इतकं साधं मी सात वर्षांत विचारलं नव्हतं.

औषध परवडतं, याचं श्रेय देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळीला. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीला पेटंट नाकारलं, म्हणून ती मिळत राहिली. नाहीतर आमच्यासारख्यांनी काय केलं असतं?

आता वर्षानुवर्षं आकडा अगदी खाली असलेल्यांची गोळी देखरेखीखाली थांबवून बघतात. साधारण निम्म्यांना ती पुन्हा सुरू करावी लागते. मला विचारलं, तेव्हा मी तूर्त नको म्हटलं.

गोळी आता रोज रात्रीच्या जेवणावर असते, गुरुवारी आरतीनंतर. रिकाम्या स्ट्रिपा बायको मोजून डब्यात ठेवते.