पिसवांचा संसार

छंद म्हणजे पोटापाण्याचा उद्योग आटोपल्यावर उरलेल्या वेळाची सोय, अशी आपल्याकडे समजूत आहे. पोस्टाची तिकिटे, नाणी, फार तर बागकाम. मिरियम रॉथ्सचाइल्ड (१९०८–२००५) या इंग्रज विदुषीचे चरित्र पाहिले की ही समजूत टिकत नाही. बाईंचा छंद होता पिसवांचा.

वारसा वडिलांचा. चार्ल्स रॉथ्सचाइल्ड घराण्याची पेढी सांभाळीत आणि पिसवा जमवीत. सुदानात सापडलेल्या एका पिसवेचे वर्णन त्यांनी १९०३ साली प्रसिद्ध केले व तिला इजिप्तच्या किऑप्स राजाचे नाव दिले. माणसाला प्लेग देणाऱ्या पिसवांत हीच प्रमुख, हे पुढे सिद्ध झाले. इथे हा परका विषय एकदम आमच्या ओसरीवर येतो. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला. पुढच्याच वर्षी पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. गाव ओस टाकून माळावर झोपड्यांत राहिलेल्यांच्या हकिकती आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. त्या साऱ्या आकांताच्या मुळाशी असलेल्या जिवाला नाव मिळाले, ते एका छांदिष्टाच्या संग्रहातून.

१९२३ साली चार्ल्स यांनी आत्महत्या केली. मिरियम तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. काही काळ त्यांनी निसर्गाभ्यासाकडे पाठच फिरवली. पुन्हा वळल्या त्या समुद्री गोगलगायींतील परजीवी कृमींकडे. प्लिमथच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे केलेले ते काम महायुद्धातील बाँबहल्ल्यात नष्ट झाले. बाई ब्लेचली पार्कच्या गुप्तलिपी केंद्रात रुजू झाल्या. निर्वासित ज्यू मुलांना त्यांनी घरात आश्रय दिला. १९४३ साली जॉर्ज लेन या मूळच्या हंगेरियन कमांडोशी विवाह केला. १९४४ च्या मे महिन्यात लेन फ्रान्सच्या किनाऱ्यावर टेहळणी करताना पकडले गेले, आणि त्यांना खुद्द रोमेलपुढे उभे करण्यात आले. ते जिवंत परतले. विवाह मात्र १९५७ साली संपुष्टात आला. चार मुले पोटची, दोन दत्तक.

या धबडग्यात पिसवा कुठे होत्या? होत्याच. वडिलांनी ब्रिटिश म्यूझियमला दिलेल्या संग्रहाची सचित्र सूची त्यांनी हॉपकिन्स यांच्यासह सिद्ध केली. १९५३ ते १९७१ या काळात तिचे पाच खंड निघाले. पित्याचे श्राद्ध याहून निराळे ते काय असते?

सशावरील पिसवेचा त्यांचा शोध आम्हांस विशेष हृद्य वाटतो. या पिसवेची अंडी तिच्या स्वतःच्या वेळेने पक्व होत नाहीत. ससीण गाभण राहिली की तिच्या रक्तातील संप्रेरके पिसवेलाही पोहोचतात, तेव्हा अंडी तयार होतात; पिल्ले जन्मली की पिसवा त्यांच्यावर उतरतात. एका मातृत्वाच्या घड्याळावर दुसरे मातृत्व चालते. सहा मुलांच्या घरात राहून बाईंनी हे पाहिले, याचे आम्हांस अप्रूप वाटते.

बाईंनी कोणत्याही विद्यापीठाची पदवी परीक्षा दिलेली नव्हती. तरी १९८५ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. ज्याला आपण फावल्या वेळचा उद्योग म्हणतो, त्यानेच त्यांचे पितृवियोग, युद्ध आणि संसार एका धाग्यात ओवले. एवढा चिवट धागा मोठ्या ध्येयांतूनही क्वचितच निघतो. तो पिसवेएवढ्या जिवातून निघाला.